अडगावची लढाई कोणी ओढवली?
१८०३ च्या युद्धाची कारणे आणि वऱ्हाड



हे व्याख्यान एका शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेले आहे. म्हणून आपल्याच शिवारातला, पण शाळेत दोन ओळींत उरकला जाणारा विषय मी निवडला.

अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. इंग्रजी ग्रंथांत त्याचे नाव आरगाव असे येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावच्या छावणीत भोसल्यांनी तह केला आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव येथे शिंद्यांनी. एक लढाई, एक वेढा आणि दोन तह अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांच्या हद्दीत जेमतेम महिनाभरात घडले. दिल्ली, आग्रा, कटक आणि भडोच कोणाचे, हे वऱ्हाडात बसून ठरले. इतकी मोठी गोष्ट आपल्या अंगणात घडली. तरीही हे युद्ध का झाले आणि ते कोणी ओढवले, असे विचारले तर आपल्याकडे एकच ठरीव उत्तर मिळते: मराठे आपसांत भांडत होते.

या उत्तराशी माझे भांडण आहे. मराठे भांडत होते हे खरेच. पण त्याने आपण का हरलो हे कळते. युद्ध का झाले हे कळत नाही. या दोन प्रश्नांची सरमिसळ केली की जो हरला तोच गुन्हेगार ठरतो. आज मला हे दोन प्रश्न वेगळे करायचे आहेत, आणि त्यासाठी फिनलंडमध्ये १९३९ साली सुरू झालेल्या एका युद्धाची मदत घ्यायची आहे.

आग घरातली

आधी आपल्या घरातले पाहू. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव होळकर सूडाने पेटून दक्षिणेत उतरला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा मोड केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात पळाला आणि अखेर वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला.

तहाची कलमे आठवून पाहा. सहापेक्षा कमी नाहीत इतक्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार. त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद इंग्रजांच्या लवादाने मिटवायचे. कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध नाही, बोलणी नाहीत. मराठी राज्याच्या प्रमुखाने परराष्ट्र व्यवहाराचा हक्क एका सहीने सोडला. ही सही करताना शिंदे, भोसले, होळकर यांपैकी कोणालाही विचारले गेले नव्हते.

बाजीरावाच्या या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. आणि दौलतराव शिंद्यांनी आधीची कित्येक वर्षे पुण्यात जो धिंगाणा घातला, त्याचेही नाही. पण घरात भांडण असणे हे शेजाऱ्याने घरात शिरण्याचे निमित्त होऊ शकते, अधिकार होऊ शकत नाही. इतिहास लिहिताना हा फरक आपण सोडून देतो.

इंग्रजांची बाजू

वादात प्रतिपक्षाची बाजू आधी आणि भक्कमपणे मांडावी. ती अशी आहे.

पेशवा मराठी राज्याचा अधिकृत प्रमुख होता. त्याने स्वेच्छेने तह केला. तह झाल्यावर त्याला गादीवर परत बसवणे हे कंपनीचे कर्तव्य होते आणि १३ मे १८०३ रोजी ते रीतसर पार पडले. शिंदे आणि भोसले हे पेशव्यांचे सरदार. धन्याच्या तहाला हरकत घेण्याचा त्यांना अधिकार नव्हता. तरीही त्यांनी फौजा जमवल्या. मेच्या अखेरीस कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स याने शिंद्यांना खुलासा विचारला, तेव्हा भोसल्यांची भेट झाल्यावर शांतता की युद्ध ते कळवू, असे उत्तर मिळाले. जूनच्या आरंभी मलकापूरच्या परिसरात दोघे भेटले. मग दोन्ही फौजा अजिंठ्याच्या घाटाच्या दिशेने, निजामाच्या सरहद्दीशी येऊन बसल्या. निजाम अली मरणपंथाला लागलेला होता. त्याच्या पश्चात वारसाचा गोंधळ झाला असता तर मराठ्यांनी साधून घेतले असते. आठच वर्षांपूर्वी, १७९५ साली, खर्ड्याला त्यांनी निजामाला लोळवले होते. शिवाय शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँसारख्या फ्रेंच सेनापतीच्या हाती होत्या आणि युरोपात त्याच मे महिन्यात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले होते.

ही बाजू पोकळ नाही. निजामाची भीती खोटी नव्हती. शिंद्यांचे ते उत्तर मुत्सद्दीपणाचे नव्हते. होळकराशी समेट करून तिघांनी एकत्र यावे, अशा हालचालीही चालू होत्या.

आता दुसरी बाजू पाहा. भोसल्यांची फौज ज्या वऱ्हाडात होती, त्या वऱ्हाडात दोअमल होता. निजाम आणि भोसले दोघेही महसूल घेत. म्हणजे रघूजी भोसले परमुलखात घुसलेला नव्हता. बुऱ्हाणपूर शिंद्यांचे होते. आर्थर वेलस्लीची फौज मात्र म्हैसूरच्या बाजूने शेकडो मैल चालून एप्रिलमध्ये पुण्यात शिरली होती आणि आता अहमदनगरच्या रोखाने उभी होती. मराठ्यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट ओलांडून निजामाच्या मुलखात गेल्या त्या २४ ऑगस्टला. युद्ध पुकारून तेव्हा अठरा दिवस झाले होते आणि अहमदनगरचा किल्ला पडून बारा. ज्या आक्रमणाला अडवण्यासाठी युद्ध पुकारले असे सांगितले जाते, ते आक्रमण युद्ध पुकारल्यानंतर झाले.

जुलैची बोलणी

या वादाचा खरा निवाडा लढाईच्या मैदानावर मिळत नाही. तो जुलै १८०३ मधल्या पत्रव्यवहारात आहे.

गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने जूनअखेर आपल्या धाकट्या भावाला, आर्थरला, दक्षिणेतल्या युद्धाचे आणि तहाचे पूर्ण अधिकार दिले. १४ जुलैला आर्थरने मागणी केली: शिंद्यांनी नर्मदेपलीकडे जावे, भोसल्यांनी नागपूरला परतावे, मग आपणही फौज मागे घेऊ. आधी तुम्ही, नंतर आम्ही.

मराठ्यांचे उत्तर मुद्दाम लक्षपूर्वक ऐका. त्यांनी सरळ नकार दिला नाही. आम्ही बुऱ्हाणपूरला मागे जातो. त्याच वेळी इंग्रज फौजेने मद्रास, श्रीरंगपट्टण आणि मुंबई या आपल्या नेहमीच्या ठाण्यांवर परतावे, असे ते म्हणाले. हे कॉलिन्सला मान्य झाले नाही. तेव्हा त्यांनी सुचवले की इंग्रज फौज ठाण्यावर कधी पोचेल ती तारीख वकिलाने सांगावी, त्याच तारखेला आम्हीही आमच्या ठिकाणी पोचू. आपल्याला तसा अधिकार नाही, असे कॉलिन्स म्हणाला. ३ ऑगस्टला त्याने शिंद्यांची छावणी सोडली. ६ ऑगस्टला आर्थरने युद्धाचे पत्र लिहिले आणि तुम्हीच युद्ध निवडले, परिणामांची जबाबदारी तुमची, असे शिंद्यांना कळवले. त्याच दिवशी तिकडे निजाम अलीचा मृत्यू झाला. ८ ऑगस्टला इंग्रज फौज अहमदनगरच्या पेठेच्या तटावर शिड्या लावत होती.

इंग्रजांचे यावरचे म्हणणे असे: बुऱ्हाणपूर निजामाच्या सरहद्दीपासून जवळ, आमची ठाणी शेकडो मैल दूर, मराठे चार दिवसांत परत येतील, आम्हाला महिने लागतील. लष्करी हिशेबाने हा आक्षेप रास्त आहे. पण मग अंतराचा वाद घालता आला असता. बुऱ्हाणपूरऐवजी आणखी उत्तरेचे ठिकाण मागता आले असते, टप्पे ठरवता आले असते. दोन शेतकऱ्यांत धुऱ्यावरून काठ्या निघाल्या, तर गावातला शहाणा माणूस दोघांनाही एकदमच मागे व्हायला सांगतो. एकाला आधी मागे ढकलून दुसऱ्याला पुढेच उभे राहू देणे म्हणजे निकाल देऊन मोकळे होणे.

वाटाघाट लांबवायला इंग्रज तयार का नव्हते? त्याचे एक कारण पावसाळा. आर्थर वेलस्लीने हवामानाचा बारीक विचार केला होता. नद्या भरलेल्या असताना मराठ्यांच्या घोडदळाला उतार मिळत नाही आणि आपल्याजवळ नद्या ओलांडण्याची साधने आहेत, तेव्हा पाण्याच्या दिवसांतच युद्ध सुरू करण्यात फायदा आहे, हे त्याचे गणित होते. पाऊस ओसरला की हा फायदा जाणार होता. बोलण्यांचा एकेक दिवस त्याला महाग पडत होता.

दुसरे कारण त्याहून बोलके आहे. २७ जुलै १८०३ रोजी, म्हणजे कॉलिन्स अजून शिंद्यांच्या छावणीत असताना, गव्हर्नर जनरलने उत्तरेत लॉर्ड लेकला युद्धाची उद्दिष्टे लिहून पाठवली. गंगा-यमुनेच्या दुआबातला शिंद्यांचा सगळा मुलूख जिंकणे, यमुनेपर्यंत सरहद्द नेणे, दिल्ली आणि आग्रा घेणे, बादशहाला आपल्या छत्राखाली आणणे, पेराँची सत्ता मोडणे. यांतली पेराँची गोष्ट फ्रेंच भीतीशी जुळते. बाकीच्या गोष्टींचा अजिंठ्याच्या घाटाशी, निजामाच्या सरहद्दीशी किंवा वसईच्या तहाच्या संरक्षणाशी काय संबंध? हा आराखडा विस्ताराचा होता आणि तो बोलणी फिसकटण्याआधी तयार होता.

वसईचा तह शहाणपणाचा होता का, याबद्दल खुद्द इंग्लंडमध्येही शंका होती. हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरी याने १८०४ साली त्यावर लेखी आक्षेप घेतले. आर्थर वेलस्लीला त्यांना उत्तर लिहावे लागले. ज्या तहाला लंडनमध्ये आक्षेप घेता येत होता, त्याला नागपुरात आक्षेप घेणे हा गुन्हा कसा ठरतो?

फिनलंडचा हिवाळा

आता आपण एकशे छत्तीस वर्षे पुढे आणि हजारो मैल वायव्येला जाऊ.

ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिन आणि हिटलर यांच्या सरकारांनी अनाक्रमणाचा करार केला. त्याच्या गुप्त भागात फिनलंड सोव्हिएत प्रभावक्षेत्रात टाकले होते. ऑक्टोबरमध्ये फिनलंडच्या शिष्टमंडळाला मॉस्कोला बोलावले. मागण्या अशा होत्या: लेनिनग्राडपासून सरहद्द अवघ्या बत्तीस किलोमीटरवर आहे, ती कॅरेलियाच्या संयोगभूमीत मागे न्या, फिनलंडच्या आखातातली बेटे द्या, हांको बंदर नाविक तळासाठी तीस वर्षांच्या भाड्याने द्या. मोबदल्यात उत्तरेकडे दुप्पट क्षेत्रफळाची, जंगलाची जमीन देऊ केली होती.

फिनलंडमध्येही मतभेद होते. वाटाघाट करणारे पासिकिवी आणि सेनापती मानरहाइम यांचे म्हणणे काही सवलती द्याव्यात असे होते. परराष्ट्रमंत्री एर्को ठाम होते. २६ नोव्हेंबरला सोव्हिएत हद्दीतल्या माइनिला गावी तोफगोळे पडले. ते फिनलंडनेच डागले असे मॉस्कोने जाहीर केले आणि फिनलंडने आपली फौज सरहद्दीपासून वीस-पंचवीस किलोमीटर मागे न्यावी अशी मागणी केली. फिनलंडने आरोप नाकारला, संयुक्त चौकशीची तयारी दाखवली आणि दोन्ही फौजा मागे घेण्याविषयी बोलू असे कळवले. मॉस्कोने १९३२ चा अनाक्रमणाचा करार रद्द केला, राजनैतिक संबंध तोडले आणि ३० नोव्हेंबरला युद्ध न पुकारताच हल्ला चढवला. हेलसिंकीवर बॉम्ब पडले. अडगावच्या लढाईचा दिनांक २९ नोव्हेंबर. फिनलंडवरचा हल्ला ३० नोव्हेंबरचा. हा नुसता योगायोग आहे. पण दोन्ही फौजांनी मागे व्हावे, ही सूचना दोन्हीकडे दुर्बळ बाजूकडून आली आणि प्रबळ बाजूने दोन्हीकडे ती बाजूला सारली, हा योगायोग नाही.

आणखी एक साम्य आहे. १ डिसेंबरला सरहद्दीवरच्या तेरियोकी गावात ओट्टो कूसिनेन याच्या नावाने एक ‘फिनी सरकार’ उभे करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने त्याच्याशी तह केला आणि आम्ही फिनलंडशी लढतच नाही, त्याच्या सरकारला मदत करतो आहोत, असे जगाला सांगितले. १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला काढून टाकले. १८०३ ची तुलना इथे जपून करायला हवी. बाजीराव हा खरा पेशवा होता. कूसिनेनचे सरकार बनावट होते. तरीही ज्याला परकी संगिनींशिवाय आपल्या राजधानीत पाऊल ठेवता येत नाही, त्याची सही साऱ्या राज्याच्या संमतीचा पुरावा मानावी का, हा प्रश्न दोन्हीकडे उरतो. शिंदे-भोसले नेमका हाच प्रश्न विचारत होते.

फिनलंडच्या युद्धाच्या कारणांवर आजही वाद होतो. सोव्हिएत बाजूचे लोक लेनिनग्राडची सुरक्षितता पुढे करतात, आणि १९४१ मध्ये जर्मनीने केलेला हल्ला पाहता ती भीती खोटी होती असे कोणी म्हणू शकत नाही. पण भीती खरी असणे आणि हल्ला न्याय्य असणे या दोन गोष्टी आहेत. फिनलंडने थोडे नमते घेतले असते तर युद्ध टळले असते का, हा अभ्यासाचा प्रश्न आहे. युद्ध कोणी केले, हा प्रश्न त्यात विरघळू देता कामा नये. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया यांनी १९३९ मध्ये तळ दिले, नमते घेतले. १९४० च्या उन्हाळ्यात तिन्ही देश गिळले गेले. दुर्बळाला शहाणपण शिकवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. वसईला नमते घेणाऱ्या बाजीरावाचेही १८१८ मध्ये राज्य गेलेच.

अडगाव, गाविलगड आणि दोन तह

असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली. आजच्या जालना जिल्ह्यातल्या त्या गावी मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांचे जबर नुकसान केले, पण मैदान इंग्रजांच्या हाती गेले. ऑक्टोबरमध्ये बुऱ्हाणपूर आणि अशीरगड पडले. मग युद्ध वऱ्हाडात आले.

२३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलांनी आर्थरशी तहकुबी केली. अट अशी की शिंद्यांची फौज अचलपूरच्या पूर्वेला वीस कोस दूर राहील. भोसल्यांना तहकुबी दिली नव्हती. सहाच दिवसांनी शिंद्यांचे घोडदळ सिरसोलीला, भोसल्यांच्या पायदळाजवळच, मुक्कामाला असल्याचे दिसले. शिंद्यांचे वकील हल्ला करू नका म्हणून विनवत राहिले. अट पाळली नाही, म्हणून तहकुबी लागू नाही, असे आर्थरने ठरवले. इथे इंग्रजांचा मुद्दा कागदोपत्री बरोबर होता आणि शिंद्यांचा गाफीलपणा अक्षम्य होता. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या माणसांच्या चुका लपवून आपली बाजू मजबूत होत नाही.

दिवस कलताना अडगावच्या मैदानात लढाई सुरू झाली. भोसल्यांच्या बाजूला रघूजींचा भाऊ मन्याबापू होता. पायदळ आणि तोफा त्याच्या हाताखाली. मराठ्यांची फळी पाच मैलांहून लांब होती. पहिल्याच तोफमाऱ्यात, असईला शौर्य गाजवलेल्या कंपनीच्या देशी पलटणी बिथरून मागे पळाल्या. आर्थर स्वतः पुढे गेला, त्यांना आडोशाला जमवले आणि पुन्हा फळीत आणले. अरबांच्या एका तुकडीने इंग्रजांच्या गोऱ्या पलटणींवर चालून जाऊन मरण पत्करले. शिंद्यांच्या घोडदळाचा हल्ला मोडला. चांदण्यात पाठलाग झाला आणि अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

मग गाविलगड. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने बांधलेला हा डोंगरी किल्ला वऱ्हाडाची ढाल मानला जाई. दक्षिणेच्या बाजूने तो घेणे अवघड, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने मेळघाटाच्या डोंगरांतून रस्ता फोडत जड तोफा उत्तरेच्या अंगाला ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून फौज शिरली. आतल्या किल्ल्याचा तट शिड्या लावून चढला गेला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे रजपूत लढता लढता पडले. आज चिखलदऱ्याला जाणारे हजारो पर्यटक त्या तटावर उभे राहून छायाचित्रे काढतात. त्यांनी तिथे बेनीसिंगाचे नावही वाचावे, इतकी तरी सोय आपण करायला हवी.

दोनच दिवसांनी यशवंतराव रामचंद्र या वकिलाने भोसल्यांच्या वतीने देवगावचा तह केला. कटक आणि बालासोर कंपनीकडे गेले. म्हणजे बंगाल आणि मद्रास यांना जोडणारा किनारा इंग्रजांना मिळाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाच्या पदरात पडला. नरनाळा, गाविलगड आणि त्यांच्यालगतचा चार लाखांचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. पंधरवड्याच्या आत सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी दुआब, दिल्ली-आग्र्याचा प्रदेश, भडोच आणि अहमदनगर सोडले. २७ जुलैचे उद्दिष्टांचे पत्र आणि ३० डिसेंबरचा तह शेजारी ठेवून वाचा. केवळ निकालावरून हेतू सिद्ध करू नये, हे मला मान्य आहे. पण हेतू आधी लिहून ठेवलेला असेल आणि निकाल त्याच्याशी जुळत असेल, तर इतिहासकाराला दुसरा कोणता पुरावा हवा?

वऱ्हाडाला कोणी विचारले?

या साऱ्या पत्रव्यवहारात वऱ्हाडची रयत कुठे आहे? कुठेच नाही. दोन्ही बाजूंच्या फौजांनी इथले धान्य खाल्ले, चारा नेला, बैल धरले. त्यातच १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. तहाच्या एका कलमाने साऱ्या वऱ्हाडाचा धनी बदलला. पदरचे घोडेस्वार मोकळे सुटले आणि पुढची पंधरा वर्षे पेंढाऱ्यांचा उच्छाद वाढत गेला. आपल्या अमरावतीचा परकोट १८०७ मध्ये बांधायला घेतला तो याच भीतीने. जवाहर दरवाज्यातून ये-जा करताना हा दगडी तट युद्धाच्या दुसऱ्या दिवसाचा हिशेब आहे, हे ध्यानात ठेवावे. निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या कायम भाड्यावर तो घेतला. शंभर वर्षांत तीन वेळा या प्रांताचे भवितव्य ठरले आणि तिन्ही वेळा ते इथल्या माणसाला न विचारता ठरले. मार्च १९४० मध्ये फिनलंडने तह केला तेव्हा कॅरेलियातल्या चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून निघावे लागले. त्यांनाही कोणी विचारले नव्हते.

आता निष्कर्ष. १८०३ च्या युद्धाला मराठ्यांच्या दुहीने वाट करून दिली. वसईच्या तहाने ती वाट कायम उघडी ठेवली. शिंदे-भोसल्यांनी धमकीची भाषा वापरली, फौजा जमवल्या, होळकराला सोबत घेण्यात अपयशी ठरले. या चुका त्यांच्याच आहेत. पण युद्ध सुरू करण्याची जबाबदारी कंपनीची, आणि तिच्यात रिचर्ड वेलस्लीची सर्वांत मोठी. समान अटीवर मागे होण्याचा प्रस्ताव समोर असताना त्यांनी तो नाकारला आणि नाकारण्याआधीच जिंकायच्या मुलखांची यादी तयार ठेवली. दोष सगळ्यांचा म्हटले की कोणाचाच उरत नाही. इतिहासाने दोषांची वाटणी मापाने केली पाहिजे.

कोणत्याही युद्धाच्या कारणांवर वाद घालताना तीन गोष्टी तपासाव्यात, असे मला वाटते. फौज कोणाच्या दाराशी उभी होती? दोघांनी एकाच वेळी मागे व्हावे, ही सूचना कोणी केली आणि कोणी नाकारली? आणि बोलणी चालू असताना मिळवायच्या मुलखाची यादी कोणाच्या दप्तरात होती? पहिला तोफगोळा कोणी डागला हा प्रश्न याच्या पुढचा आहे, कारण माइनिलाच्या गोळ्यांनी दाखवल्याप्रमाणे त्याची कथा हवी तशी रचता येते.

विद्यार्थी मित्रांना माझे एक मागणे आहे. ग्रँट डफपासून सरदेसाईंपर्यंत या युद्धावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेकांनी ते पुणे, कलकत्ता किंवा लंडन इथून पाहिले. यादव माधव काळे यांनी बुलढाण्यात बसून वऱ्हाडचा इतिहास लिहिला, ती वाट पुढे न्यायची आहे. मोडी वाचायला शिका, फारसी शिका, इंग्रजी पत्रव्यवहार मुळातून वाचा. अडगाव, सिरसोली, देवगाव आणि अंजनगाव इथल्या घरांतले जुने कागद उधईने खाण्याआधी बघा. शिक्षकांना विनंती अशी की १८०३ शिकवताना मुलांपुढे जुलै महिन्यातले ते दोन्ही प्रस्ताव ठेवा, आणि निवाडा मुलांना करू द्या. बलवानाचे पत्र वाचून न थांबता त्याला आलेले उत्तरही शोधून वाचण्याची सवय ज्या समाजाला लागते, त्या समाजाला उद्याच्या युद्धांची खोटी कारणे पटवून देणे कठीण जाते. ही सवय वऱ्हाडातल्या प्रत्येक वर्गात लागावी, एवढीच या व्याख्यानाची मागणी आहे.